जुन्या मालमोटारीच्या एंजिनातील उलटे स्फोट व अडखळती चाल : निदानाचा क्रम

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या पेट्रोल मालमोटारीचे एंजिन चढणीवर अडखळू लागले व मधूनच बंदुकीच्या बारासारखा आवाज करू लागले, म्हणजे पहिला संशय बहुधा कार्ब्युरेटरवर जातो. तो उघडून धुतला जातो, पुन्हा बसविला जातो आणि गुण न आल्यास नवा आणला जातो. त्यानंतर कॉईल, मग प्लग, मग पेट्रोलचा पंप, अशी भाग बदलण्याची मालिका सुरू होते. या मालिकेत कधी कधी दोष नाहीसा होतोही. परंतु तो कशामुळे नाहीसा झाला हे कळत नाही. शिवाय उघडलेला प्रत्येक भाग पूर्वीच्याच स्थितीत पुन्हा बसतो असे नाही, त्यामुळे मूळच्या एका दोषात दुसऱ्या दोषाची भर पडते व पुढील निदान अधिकच कठीण होते.

या गोंधळाचे मूळ असे की, आवाज हे केवळ लक्षण असते आणि एकाच लक्षणामागे परस्परांहून अगदी भिन्न अशी कारणे असू शकतात. आवाज कोठून आला, कोणत्या परिस्थितीत आला आणि कोणत्या तालाने आला, या तीन गोष्टी नोंदल्यावाचून कारणाकडे जाण्याचा मार्ग नाही. त्या नोंदल्यावर परीक्षा कोणत्या क्रमाने कराव्या व तोच क्रम का धरावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी एक निश्चित एंजिन समोर ठेवणे सोयीचे आहे. येथे अमेरिकेतील शेव्हरोलेट मालमोटारींचे २३५ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे, डोक्यावर झडपा असलेले एंजिन घेतले आहे. १९५४ पासून १९६२ पर्यंतच्या त्या कंपनीच्या हलक्या मालमोटारींत ते सर्रास आढळते. त्याआधी त्या जागी याच कुळातील २१६ घनइंचांचे एंजिन असे. हे कूळ महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सच्या भारतीय शाखेने १९२८ मध्ये जोडणीचा कारखाना सुरू केला होता आणि १९५४ मध्ये तो बंद होईपर्यंत तेथून शेव्हरोलेट मालमोटारी बाहेर पडत होत्या.

२. स्फोट उलटा का होतो

चार फेऱ्यांच्या एंजिनात एका सिलिंडराचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, पूर्ण होते. सहा सिलिंडरांमुळे दर १२० अंशांनी एक ज्वलन घडते. वर सांगितलेल्या एंजिनाचा ज्वलनक्रम १-५-३-६-२-४ असा आहे. क्रँकशाफ्ट मिनिटाला २४०० फेरे करीत असता सेकंदाला १२० ठिणग्या पडतात. म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून फारसा अधिक अवकाश नसतो. इतक्या थोड्या वेळात योग्य सिलिंडरात, योग्य क्षणी, योग्य प्रमाणाचे मिश्रण पेटावे लागते.

मिश्रण आत घेणारी ती ग्रहण-झडप व जळालेला वायू बाहेर सोडणारी ती निष्कास-झडप. ज्वलन चालू असता दोन्ही झडपा मिटलेल्या असल्या पाहिजेत. निष्कासाच्या फेऱ्याच्या शेवटी मात्र, दट्ट्या वरच्या स्थिरबिंदूजवळ असता, दोन्ही झडपा थोडा वेळ एकाच वेळी किंचित उघड्या असतात. या वेळी सिलिंडरात ज्योत शिल्लक असेल, किंवा याच वेळी भलतीच ठिणगी पडली, तर ज्योत ग्रहण-नळीत शिरून तेथील मिश्रण पेटविते व कार्ब्युरेटरच्या तोंडातून स्फोट बाहेर येतो. खरा उलटा स्फोट तो हा. त्याची कारणे तीन वर्गांत मोडतात : पेट्रोल कमी असलेले विरल मिश्रण, जे सावकाश जळत राहते; अवेळी किंवा भलत्या सिलिंडरात पडणारी ठिणगी; आणि नीट न मिटणारी ग्रहण-झडप.

सायलेन्सरमधून येणारा बार याहून निराळा आहे. तेथे सिलिंडरात न जळलेले मिश्रण निष्कास-नळीत साचते व पुढील सिलिंडराच्या तप्त वायूने पेटते. कारागीर दोहोंनाही बॅकफायर म्हणतात. परंतु निदानाच्या दृष्टीने हा भेद पहिला व सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्ब्युरेटरमधील स्फोट सांगतो की ज्योत मागे आली. सायलेन्सरमधील स्फोट सांगतो की इंधन न जळता पुढे गेले.

३. तीन प्राथमिक प्रश्न

पहिला प्रश्न स्थानाचा असून तो वर आलाच आहे. दुसरा प्रश्न तालाचा. अडखळणे नियमित असेल, म्हणजे दर दोन फेऱ्यांनी एक ठोका चुकत असेल, तर दोष एखाद्या विशिष्ट सिलिंडराचा आहे : त्याचा प्लग, त्याची तार, त्याची झडप. ताल अनियमित असेल तर सर्व सिलिंडरांना समाईक असलेल्या भागांकडे, म्हणजे कॉईल, कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट, कार्ब्युरेटर यांकडे वळावे. मंद चालीवर एकेका प्लगची ठिणगी क्रमाने तोडून पाहिल्यास, जी तोडूनही एंजिनाचा वेग उतरत नाही तो सिलिंडर काम करीत नाही असे ठरते.

तिसरा प्रश्न परिस्थितीचा. दोष मंद चालीवर असून वेग वाढविताच कमी होत असेल, तर ग्रहण-नळीत कोठून तरी फाजील हवा शिरत असल्याचा संभव मोठा. कारण थ्रॉटल मिटलेले असता त्या नळीतील निर्वात तीव्र असतो आणि गळतीतून येणाऱ्या हवेचा वाटा एकूण हवेत मोठा ठरतो. उलट, मंद चाल सुरळीत असून चढणीवर किंवा ओझ्याखाली दोष प्रकट होत असेल, तर दोन संभव उरतात : पेट्रोल अपुरे पडते किंवा ठिणगी दुबळी आहे. ओझ्याखाली सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते व ठिणगीच्या क्षणी त्याची घनता वाढलेली असते. घन वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो. त्यामुळे मंद चालीवर पुरी पडणारी कॉईल चढणीवर अपुरी पडते.

या दोन संभवांत निवड करण्याची एक साधी युक्ती आहे. दोष चालू असता चोक किंचित ओढावा. एंजिन सुधारले तर मिश्रण विरल होते. अधिकच बिघडले किंवा काहीच फरक पडला नाही, तर लक्ष ठिणगीकडे वळवावे. काहीही न उघडता मिळणारा हा पुरावा आहे आणि एखादा भाग विकत आणण्यापूर्वी तो मिळविणे केव्हाही श्रेयस्कर.

थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये होणारे बारीक फटफट आवाज जुन्या एंजिनात अगदीच अस्वाभाविक नाहीत. त्या वेळी सिलिंडरात जळालेल्या वायूचे प्रमाण वाढून एखादे ज्वलन चुकते. मात्र हे आवाज मोठे असतील तर निष्कास-नळीच्या सांध्यांतून बाहेरची हवा आत शिरते काय, हे पाहावे.

४. परीक्षांचा क्रम

वरील निरीक्षणांनंतर प्रत्यक्ष मापनास आरंभ करावयाचा. त्याचा क्रम संपीडन, ठिणगी, मिश्रण असा असावा. याचे कारण तर्कशुद्ध आहे. झडप गळत असेल तर ठिणगी व मिश्रण कितीही अचूक असली तरी तो सिलिंडर नीट चालणार नाही. आणि ठिणगीची वेळ चुकलेली असताना केलेली कार्ब्युरेटरची जुळणी ही चुकीशी केलेली जुळणी ठरते. पुढची परीक्षा मागच्या परीक्षेच्या निष्कर्षावर उभी असते.

(अ) संपीडन. एंजिन गरम असता सर्व प्लग काढून, ठिणगीचा प्रवाह तोडून, थ्रॉटल व चोक पूर्ण उघडे ठेवून प्रत्येक सिलिंडराचा दाब सारख्याच फेऱ्यांनी मोजावा. आकडे किती मोठे आहेत यापेक्षा ते परस्परांशी किती जुळतात हे अधिक महत्त्वाचे. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन चतुर्थांशांहून खाली असू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजल्यास दाब वाढला तर कडी झिजलेल्या आहेत. न वाढल्यास झडप किंवा गॅस्केट संशयित. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी भरले तर त्यांच्यामधील गॅस्केट जळाले असल्याचा संभव सर्वाधिक. टॅपेटची फट अपुरी असल्यास झडप पूर्ण मिटत नाही, म्हणून ती फटही याच टप्प्यावर तपासावी.

(आ) निर्वात. ग्रहण-नळीला जोडलेला निर्वातमापक हे स्वस्त पण बोलके साधन आहे. समुद्रसपाटीवर निरोगी एंजिन मंद चालीला पाऱ्याचे सुमारे १७ ते २१ इंच दाखविते व काटा स्थिर असतो. दर हजार फुटांच्या उंचीला सुमारे एक इंच वजा धरावा. त्यामुळे किनाऱ्यावरील गावी १४ इंचांचा आकडा दोषदर्शक ठरेल. पाच हजार फुटांहून उंच असलेल्या डेन्व्हर शहरी तोच आकडा निरोगी मानावा लागेल. काटा स्थिर पण खाली असेल तर ठिणगी उशिरा पडते किंवा हवा गळते. काटा नियमित तालाने झटका देत असेल तर एखादी झडप दोषी असते. वेग वाढवून तसाच ठेवला असता आकडा हळूहळू उतरत गेला, तर निष्कासाचा मार्ग कोठेतरी तुंबलेला असतो.

(इ) ठिणगी. येथे प्रथम कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट, मग ठिणगीची वेळ, हा क्रम मोडू नये. कारण फट बदलली की वेळही बदलते. फट वाढल्यास ठिणगी लवकर व कमी झाल्यास उशिरा पडते. पॉइंट उघडणारा ठोकळा झिजत गेला की फट आपोआप कमी होते, म्हणूनच नुसत्या वापराने एंजिनाची वेळ मागे पडते. प्रस्तुत एंजिनात वापरलेल्या पॉइंटची फट ०.०१६ इंच व प्लगची ०.०३५ इंच ठेवतात. वेळ पाहण्यासाठी फ्लायव्हीलवर पोलादी गोळी बसविलेली असते. तिच्या आवरणाच्या खिडकीतून टायमिंग लॅम्पच्या प्रकाशात ती दर्शकासमोर आली पाहिजे.

कंडेन्सरकडे विशेष लक्ष द्यावे. पॉइंट उघडताना कॉईलमधील प्रवाह त्या फटीतूनच उडी घेऊ पाहतो. सुमारे ०.२ मायक्रोफॅरड धारकतेचा हा लहानसा भाग त्याला क्षणभर जागा देतो, त्यामुळे प्रवाह एकदम तुटतो व दुय्यम वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होतो. कंडेन्सर बिघडला की पॉइंट काळे पडतात व ठिणगी पिवळसर, दुबळी होते. पुष्कळदा तो थंड असता ठीक व तापल्यावर सदोष असतो. सकाळी निर्दोष ठरलेली गाडी दुपारी का अडखळते, याचे उत्तर येथे मिळते.

डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतील तडा किंवा कोळशाची बारीक रेघ ठिणगीला शेजारच्या खुंटीकडे नेते. ज्वलनक्रमातील पुढच्या सिलिंडरात ती १२० अंश आधी पोहोचते, त्या वेळी तेथील ग्रहण-झडप नुकतीच मिटलेली किंवा मिटण्याच्या बेतात असते. तारांची अदलाबदल याहून घातक. ज्वलनक्रम पाहिल्यास तिसरा व चौथा सिलिंडर एंजिनात शेजारी असूनही परस्परांपासून ३६० अंशांवर आहेत असे दिसेल. त्यांच्या तारा चुकून उलट लागल्या तर दोहोंत ठिणगी बरोबर दोन्ही झडपा उघड्या असतानाच पडते व कार्ब्युरेटरमधून स्फोट होतात. डिस्ट्रिब्यूटर अर्ध्या फेऱ्याने चुकवून बसविल्यास हीच अवस्था सहाही सिलिंडरांची होते. शेव्हरोलेटच्या १९५५ पासूनच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनात आणखी एक अडचण आहे. तेथे ज्वलनक्रमात लागोपाठ येणारे पाचवा व सातवा हे सिलिंडर शेजारीही आहेत. त्यांच्या तारा एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या असल्यास एकीतील प्रवाहाने दुसरीत ठिणगी उत्पन्न होऊ शकते. म्हणून त्या एकमेकींपासून दूर ठेवाव्या.

(ई) मिश्रण. वरील सर्व निर्दोष ठरल्यावरच कार्ब्युरेटरची पाळी येते. तेथेही प्रथम बाहेरील गोष्टी पाहाव्या : पंपाचा पुरवठा, गाळणीतील कचरा, ग्रहण-मॅनिफोल्डचे सांधे, निर्वातावर चालणाऱ्या वायपरची नळी. वेग वाढविताना क्षणभर खोकल्यासारखा स्फोट होत असल्यास प्रवेगक पंप संशयित. एंजिन बंद असता दांडा हलविल्यावर पेट्रोलची धार दिसली पाहिजे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत त्या पंपाचे चामडे सुकून आक्रसलेले असते.

५. सारखी लक्षणे, भिन्न कारणे

वरील क्रमाचे महत्त्व दोन कल्पित उदाहरणांनी स्पष्ट होईल. दोन मालमोटारी एकाच प्रकारच्या आहेत. दोहोंची मंद चाल अडखळती आहे व दोहोंच्या कार्ब्युरेटरमधून स्फोट होतात.

पहिलीत तिसरा व चौथा सिलिंडर दुबळे आढळतात. एवढ्यावरून तीन तर्क संभवतात : दोहोंमधील गॅस्केट जळाले असावे, तारा उलट असाव्या किंवा हवेची गळती असावी, कारण या एंजिनात त्या दोन सिलिंडरांना मिश्रण एकाच द्वारातून मिळते. संपीडन सर्वत्र सारखे भरते, म्हणजे गॅस्केट सुटले. तारा योग्य आहेत. निर्वाताचा काटा १३ इंचांवर स्थिर आहे आणि चोक ओढताच चाल सुधारते. मधल्या द्वाराच्या सांध्यावर तेलाचे काही थेंब सोडताच एंजिनाचा आवाज बदलतो. दोष मॅनिफोल्डच्या सांध्याचा ठरतो. कार्ब्युरेटर बदलून येथे काहीच साधले नसते.

दुसरीत फक्त तिसरा सिलिंडर दुबळा आहे. स्फोट नियमित तालाने होतात व थ्रॉटल उघडू तसतसे वाढतात. निर्वाताचा काटा झटके देतो. चोकचा उपयोग होत नाही. प्लग व तार दुसऱ्या सिलिंडराशी बदलून पाहिली तरी दोष जागचा हलत नाही. संपीडन मात्र निर्दोष आहे. येथे पुष्कळांची विचारसरणी अडते. कारण संपीडन चांगले म्हणजे झडपा चांगल्या, असे समजले जाते. वस्तुतः संपीडनाची परीक्षा झडप मिटते की नाही एवढेच सांगते. ती पुरेशी उघडते की नाही, हे सांगत नाही. वरचे झाकण काढून झडपांची उचल मोजल्यावर तिसऱ्या निष्कास-झडपेची उचल इतरांहून बरीच कमी आढळते : कॅमशाफ्टवरील तिचा उंचवटा झिजलेला आहे. जळालेल्या वायूला बाहेर जाण्यास वाट पुरत नाही, तो सिलिंडरात दाबाखाली राहतो आणि ग्रहण-झडप उघडताच तप्त अवस्थेत मागे उसळतो.

प्रत्येक परीक्षेची मर्यादा ध्यानात ठेवणे हे ती परीक्षा करण्याइतकेच आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून दिसून येईल.

६. आजच्या इंधनाचा परिणाम

जुन्या एंजिनांच्या बाबतीत आज एक नवा घटक विचारात घ्यावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनी सुमारे १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, अमेरिकेत सर्वत्र मिळणाऱ्या इंधनास सुमारे १४.१ पट पुरते. भारतात २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचलेल्या २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ पट. जुन्या कार्ब्युरेटरची छिद्रे पहिल्या प्रमाणासाठी आखलेली असल्याने तेच कार्ब्युरेटर पहिल्या मिश्रणाने सुमारे ४ टक्के व दुसऱ्याने ९ टक्क्यांच्या आसपास विरल होते. जे एंजिन मुळातच विरलतेच्या सीमेवर चालत होते ते यामुळे सीमेपलीकडे जाते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या व पडदे मऊ पडतात. तथापि सर्व दोष इंधनाच्या माथी मारणे हेही निदान नव्हे. एंजिन पूर्वी त्याच इंधनावर नीट चालत असेल, तर बदल अन्यत्र शोधला पाहिजे.

७. दक्षता व उपसंहार

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. कार्ब्युरेटरमधून बाहेर आलेली ज्योत सांडलेल्या पेट्रोलला पोहोचली तर गाडी पेटते. हवेची गाळणी ही ज्योत अडविण्याचे कामही करते, म्हणून ती काढून एंजिन चालवीत असता तोंड कार्ब्युरेटरवर आणू नये. एंजिन सुरू होत नाही म्हणून उघड्या कार्ब्युरेटरमध्ये हाताने पेट्रोल ओतण्याची रीत तर सर्वथा वर्ज्य होय. ठिणगी उशिरा पडणारे एंजिन दीर्घकाळ चालविल्यास निष्कास-झडपा जळतात, आणि मग एका सोप्या जुळणीचे काम एंजिन उघडण्यावर येते.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या हलक्या वाहनांत दोषांची नोंद यंत्र स्वतःच एका ठराविक संकेतपद्धतीने ठेवते. जुन्या मालमोटारीला अशी स्मृती नाही. ती नोंद परीक्षकाने स्वतः ठेवावी लागते. एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलापूर्वी व नंतर मापन लिहून ठेवावे, आणि बदलाने फरक न पडल्यास तो भाग पूर्वीच्या स्थितीत आणून मगच पुढे जावे. या नियमाने चालल्यास निष्फळ ठरलेली परीक्षाही वाया जात नाही. एक संभव कायमचा वगळला गेल्यामुळे शोधाचे क्षेत्र तेवढे लहान होते, आणि शेवटी जो भाग बदलला जातो तो का बदलला हे सांगता येते.